गाडी थेट कोथरूडला येऊ द्या

पुणे, 2 ऑगस्ट 2024

ती. आई-बाबा,
सा. न.

नाशिकला आईचा खोकला बराच कमी झाल्याचं वहिनीने कळवलं. बरं वाटलं. फोन रोज होतो, पण बाबा, तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि आईकडे देता. म्हणून हे पत्र.

पुरानंतर तुमचं घर धुऊन झालं. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी नुसता गाळच उपसत होतो. हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या कमरेच्याही वर आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन गेलं, दिवाण फुगला. कपाटाचा खालचा कप्पा पहारीने उघडावा लागला. आई, तुझा लग्नाचा शालू त्यातच होता. त्याचा रंग उतरलाय, पण मी टाकलेला नाही; सावलीत वाळत घातलाय. पैठणी वरच्या कप्प्यात होती, ती कोरडी आहे.

अन्नपूर्णा दोन दिवस सापडत नव्हती. शेवटी ओट्याखाली, पाट्याच्या मागे, गाळात मिळाली. चिंच लावून घासली. हातातल्या पळीत गाळ घट्ट बसला होता, तो टाचणीने काढला. ती तुला तुझ्या आईने दिलेली, हे आठवून काढता काढता मी खूप रडले. तोवर रडायला वेळच नव्हता.

बाबा, आता तुमच्याशी. 25 जुलैला पहाटे पाचला मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळं ठीक आहे, झोप तू." मागून आईचा आवाज आला, "अहो, पाणी उंबऱ्यावर आलं!" मग फोन लागेना. राजाराम पुलापर्यंत आलो, पुढे गाडी जाईना. अग्निशमन दलाच्या होडीतून तुम्ही दोघं उतरलात, आईने औषधांचा डबा छातीशी धरलेला. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही नेहमी सांगता, मी पानशेतचा पूर पाहिलाय. 1961 साली आजी तुम्हाला कडेवर घेऊन पर्वतीवर गेली, हे मी लहानपणापासून ऐकलंय. पण तेव्हा धरण फुटलं होतं. आता धरण शाबूत असतानाही पाणी घरात येतं. खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफूट पाणी मावेल एवढंच. घाटात पाऊस कोसळला की ते झटक्यात भरतं, वरची धरणं भरलेली नसली तरी. मग दारं उघडावी लागतात. त्या पहाटे विसर्ग 35,000 क्युसेकच्या पुढे गेला होता. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 10 लाख लिटर पाणी, आणि आपली सोसायटी नदीला लागून, त्यात आपण तळमजल्यावर. आधी कळलं असतं तर निदान कपाट रिकामं करता आलं असतं, हा राग मलाही आहे. पण तो राग तुम्हाला पाण्यातून बाहेर काढणार नाही. तुम्ही मला रात्री दोनला उठवायला हवं होतं. मुलीची झोप मोडेल म्हणून गप्प राहू नका हो बाबा. मला तुमचा त्रास कधीच वाटत नाही. तुम्ही लपवता त्याचा वाटतो.

तेव्हा यापुढे आषाढ ते दसरा तुम्ही दोघं आमच्याकडे. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे. घर विकायचा विषय मी काढत नाहीये, ते तुम्ही ठरवा. भिंती सुकून रंग द्यायला दिवाळी उजाडेल, तोवर तिथे ओल असेल आणि आईच्या छातीला ती बाधेल.

सोमवारपासून श्रावण. दादा तुम्हाला घेऊन निघेल तेव्हा गाडी थेट कोथरूडला येऊ द्या. आई, अन्नपूर्णा आमच्या देवघरात तांदळात बसवून ठेवली आहे. पूजा तू येऊन कर.

तुमची,
ताई