सोसायटीची जुनी फाईल रद्दीत घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. रिकामी करायची म्हणून गेल्या महिन्यात सोसायटीच्या ऑफिसमधलं (ऑफिस कसलं, मीटर रूममधलं एक गंजलेलं कपाट) सगळं बाहेर काढलं, कमिटीतल्या एकाने रद्दीवाल्याला फोनही लावला होता, आणि मी सहज एक फाईल उघडून बसलो म्हणून हे पत्र.

आत 1967ची सभासद यादी होती. 16 ब्लॉक, 16 नावं, सगळी एकाच पोटजातीतली. बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, जातीचा शब्दही नाही. पण मिनिट्स बुकमध्ये एक ठराव सापडला, ब्लॉक विकणाऱ्याने गिऱ्हाईक शक्यतो 'आपल्यातलं' बघावं, सर्वानुमते मंजूर, आणि खाली सह्या करणाऱ्यांत माझे वडील. शाळेत आम्हाला समता शिकवणारा माणूस, त्यामुळे जरा वेळ तसाच बसून राहिलो.

माझी भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मामा, आमच्याकडे तर हे थेट खरेदीखतात लिहायचे, हे घर गोऱ्या माणसाशिवाय कोणाला विकायचं नाही म्हणून. 1948 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असं सांगितलं, 1968 मध्ये कायद्याने बंदी आली, पण जुनी खतं तशीच राहिली, आणि तिथल्या विद्यापीठाने सामान्य लोकांना हाताशी धरून ती एकेक वाचून शहराचा नकाशा केलाय, कुठल्या गल्लीत कोणाला दार बंद होतं त्याचा.

आपल्याकडे असं काही करायचं तर कुठून सुरू करणार? सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा उतारा), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही), एवढं धरून बसलं तरी एका गल्लीत कोण कधी आलं ते कळतं. जनगणनेत वॉर्डनिहाय अनुसूचित जातींचा आकडा मिळतो, पण धर्माचा छापील आकडा शहरापाशीच थांबतो. आणि कागद फक्त आत आलेल्यांची नावं सांगतो. माझ्यासोबत नोकरीला असलेल्या एका मुस्लिम मित्राने 1994 साली पाचपाखाडी, चरई, नौपाडा सगळीकडे घर शोधलं, पैसे तयार, लोनही सँक्शन, एजंट आडनाव ऐकला की 'कळवतो' म्हणायचा. शेवटी त्याने मुंब्र्यात घेतलं, तेव्हा 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं तिथेच येत होती. त्याच्या इंडेक्स टूवर मुंब्र्याचा फ्लॅट दिसेल, ठाण्यात किती जणांनी 'कळवतो' म्हटलं ते कुठे दिसणार? ते त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवायला हवं, आणि तो आता सत्तरीचा आहे.

कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे. 1960च्या सहकार कायद्यातलं 23वं कलम खुल्या सभासदत्वाचंच आहे, सरकारच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागत नाही. पण 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा बायलॉ मान्य केला. आणि मुंबईतली 1915ची सारस्वत सोसायटी, जिच्यापासून आपल्याकडची हाऊसिंग सोसायट्यांची गोष्ट सुरू होते, तीही एका ज्ञातीचीच. तिथे हेतू आपल्या माणसांना परवडणारं घर मिळावं हाच होता, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. आमच्या 16 जणांचाही तोच असेल. पण दार आतून लावलं की बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही हेही तेवढंच खरं.

2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, चांगलंच केलं. आमच्याकडे ब्राह्मण सोसायटी मात्र अजून पत्त्यात आहे, रिक्षावाल्याला नुसतं म्हटलं की बरोब्बर आणून सोडतो. नावं बदला, फक्त जुनं नाव कुठल्या गल्लीचं होतं ते कुठेतरी लिहून ठेवा एवढंच.

महापालिकेला आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना एकच सुचवणं आहे. रिडेव्हलपमेंटच्या परवानगीसाठी आम्ही शंभर कागद देतो, त्यातच जुनं मिनिट्स बुक आणि पहिली सभासद यादी स्कॅन करून द्यायची अट घाला. नावं उघड करायची नसतील तर पन्नास वर्षं बंद ठेवा. मूळ कागद मराठी ग्रंथसंग्रहालयाने घ्यावेत, 1893 पासून ती संस्था या गावात उभी आहे. कोणाला कोर्टात खेचायचं नाहीये हो, निम्मे सभासद तर वरती गेलेत.

आमची फाईल सध्या माझ्या दिवाणाखाली आहे, भाड्याच्या घरी बरोबर घेऊन जाणार आहे. शेजारच्या दोन बिल्डिंगच्या सेक्रेटरींना विचारलं. एक म्हणाले बघतो. दुसऱ्यांची मार्चमध्येच रद्दीत गेली, चौदा रुपये किलोने.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे (प.)