बीबीएची सीईटी मराठीतही हवी

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की वाणिज्य शाखेची मुले गुणपत्रिका घेऊन भेटायला येतात आणि 'बी.कॉम. करू की बीबीए?' असे विचारतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस हे व्यवस्थापनाचे आणि बीसीए हा संगणकाचा असे पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतल्यावर २०२४ पासून राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. ही गोष्ट तालुक्याच्या गावातल्या पालकांपर्यंत अजून नीट पोहोचलेली नाही. २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला, तेव्हा पहिली सीईटी होऊनही गेली होती. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून दोन्ही वर्षी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली, त्यामुळे वेळेची अडचण थोडी तरी निभावली.

माझी खरी तक्रार प्रश्नपत्रिकेबद्दल आहे. १०० गुणांपैकी ४० इंग्रजीला, ३० तर्कक्षमतेला आणि सामान्य ज्ञान व संगणक यांना प्रत्येकी १५. सगळी प्रश्नपत्रिका इंग्रजीत. आमची मुले दोन वर्षे 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' हा विषय मराठीतून शिकतात. व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉलची १४ तत्त्वे, नियोजन, समन्वय, नियंत्रण हे सारे त्यांना येते. पुस्तपालनात ताळेबंद जुळवतात. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी लागणारी ही पायाभरणी सीईटीत कुठेही तपासली जात नाही. तर्कक्षमतेचा प्रश्न ज्याला मराठीत चटकन सुटला असता, तो मुलगा आधी वाक्य उलगडण्यातच वेळ घालवतो.

पदवीचे शिक्षण इंग्रजीतून असते, मग परीक्षा इंग्रजीत का नको, असे कोणी म्हणेल. इंग्रजी यायलाच हवी. तिचे ४० गुण खुशाल ठेवा. पण उरलेल्या ६० गुणांचे प्रश्न मराठीतही द्यायला अडचण कोणती? ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाचीच पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षाही मराठीतून देता येते. मग व्यवस्थापनालाच वेगळा न्याय कशासाठी? दूध संघ, पतसंस्था, बाजार समितीतली आडत, शेतकरी उत्पादक कंपन्या यांचा रोजचा कारभार मराठीत चालतो आणि शिकलेल्या व्यवस्थापकांची गरज तिथे फार मोठी आहे. ती माणसे आमच्याच वर्गांतून घडणार आहेत.

मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले आणि सीईटीविना प्रवेश दिले. शहरातल्या मुलांना अशी पळवाट मिळते. ज्या गावाजवळ बीबीएचे एकच महाविद्यालय आहे, तिथल्या मुलीला ती कुठून मिळणार? घरचे लांब पाठवायला तयार नसतात, मग ती नाइलाजाने साध्या बी.कॉम.ला नाव घालते. बी.कॉम. वाईट नाही, पण तिने निवडलेले ते नव्हते.

सीईटी कक्षाने पुढच्या परीक्षेपूर्वी इंग्रजीचा भाग वगळून बाकी प्रश्नपत्रिका द्विभाषिक करावी आणि बारावीतल्या व्यवस्थापन व पुस्तपालनाच्या गुणांना गुणवत्ता यादीत काही भार द्यावा. नोंदणीची माहिती कनिष्ठ महाविद्यालयांना बारावीच्या अर्जांसोबतच, मराठीतून पाठवावी. ती वर्गात वाचून दाखवायला आम्ही शिक्षक तयार आहोत.

– एक वाणिज्य शिक्षिका, करमाळा, जि. सोलापूर