वाजवणारा विद्वान : चार्ल्स रोझेन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील एका लेखात ‘वाजवणारे लिहीत नाहीत आणि लिहिणारे वाजवत नाहीत’ असे विधान ओघात येऊन गेले. पुण्यात गेली बावीस वर्षे मी पियानो शिकवते, आणि हा समज विद्यार्थ्यांच्या मनात किती लवकर रुजतो हे रोज पाहते. म्हणून त्यावर एका माणसाविषयी लिहावेसे वाटले. ते म्हणजे अमेरिकन पियानोवादक व संगीताभ्यासक चार्ल्स रोझेन. ५ मे १९२७ हा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे २०२७ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष आहे.

रोझेन न्यूयॉर्कचे. चौथ्या वर्षी पियानोशी ओळख झाली, बालपणी तिथल्या ज्युलिअर्ड या संगीतशाळेत शिक्षण झाले आणि अकराव्या वर्षी ते मोरित्झ रोझेन्थाल यांच्याकडे शिकू लागले. रोझेन्थाल हे एकोणिसाव्या शतकातील विख्यात पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांचे शिष्य, त्यामुळे रोझेन लिस्टचे प्रशिष्यच ठरतात. एवढी तालीम मिळालेल्या या तरुणाने प्रिन्स्टनमध्ये डॉक्टरेट मात्र मिळवली ती फ्रेंच साहित्यात, १९५१ साली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर वादक म्हणून पदार्पणही केले. एलियट कार्टरसारख्या अवघड समकालीन संगीतकाराच्या ‘डबल कन्चेर्तो’ या हार्पसिकॉर्ड, पियानो व वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या १९६१ मधील पहिल्या प्रयोगात पियानोवर तेच होते.

लेखनाकडे ते वळले ते नाराजीतून. त्यांनी वाजवलेल्या, शोपँ या पोलिश संगीतकाराच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कोणीतरी एका नॉक्टर्नचे, म्हणजे रात्रीच्या भावावस्थेतील छोट्या पियानोरचनेचे, वर्णन फुलांच्या वासाने धुंद होऊन झोकांड्या खाणारी रचना अशा थाटाचे केले होते. ते त्यांना सहन झाले नाही आणि वेष्टनावरचा मजकूर ते स्वतःच लिहू लागले. त्या टिपणांतूनच पुढे पुस्तकाची वाट निघाली. हायडन, मोझार्ट आणि बीथोवन यांच्या शैलीचा उलगडा करणारे ‘द क्लासिकल स्टाइल’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे एक तुलनेने लहानसे काम. शोपँच्या बी फ्लॅट मायनर या स्वरातील सोनाटातील (अनेक भागांच्या पियानोरचनेतील) शवयात्रेचे संगीत बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. या सोनाटाच्या पहिल्या भागाची सुरुवात चार संथ मात्राखंडांनी होते आणि मग वेगवान, धापा टाकणारा स्वरसमूह सुरू होतो. बहुतेक छापील प्रतींत पुनरावृत्तीचे चिन्ह, म्हणजे दुहेरी रेघेशेजारची ती दोन टिंबे, या वेगवान भागाच्या तोंडाशी असतात, त्यामुळे वादक संथ सुरुवात वगळून तिथूनच पुन्हा वाजवतो. रोझेन यांनी जुन्या आवृत्त्या ताडून पाहिल्या आणि ही टिंबे जर्मनीतील लाइपझिगच्या आवृत्तीतील चूक असून पुढच्या संपादकांनी ती तशीच उचलली, असे मांडले. पण त्यांचा खरा पुरावा कानाचा आहे. पुनरावृत्तीपूर्वीचा शेवटचा स्वरमेळ (एकत्र वाजणारे स्वर) डी फ्लॅट या स्वराकडे ओढ घेतो, आणि रचनेचा अगदी पहिला स्वर तोच डी फ्लॅट आहे. टिंबांप्रमाणे वाजवले, तर समेची वाट पाहावी आणि ऐनवेळी ती हुकावी तसे होते. माझ्या प्रतीतली ती टिंबे मी पेन्सिलीने खोडली आहेत, आणि विद्यार्थ्यांना आधी एकदा चुकीचे व मग एकदा बरोबर वाजवायला लावते. समजावून सांगण्याची गरज क्वचितच पडते.

हा शोध केवळ ग्रंथालयात बसून लागला असता असे मला वाटत नाही. तो स्वरमेळ ज्याच्या हाताखाली शेकडो वेळा अडखळला असेल, त्यालाच टिंबांविषयी शंका येते. उलट, शंका आल्यावर जुन्या प्रती उघडून पाहण्याची सवय नसेल, तर वादक नुसता अस्वस्थ राहतो. आपल्याकडील संगीत परीक्षांत शास्त्र आणि क्रियात्मक असे दोन कप्पे असतात, आणि पुष्कळ मुले शास्त्राची वही परीक्षेनंतर पुन्हा उघडत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

सरावाबद्दल रोझेन यांनी केलेली एक नोंद मला विशेष प्रिय आहे. एखादा अवघड तुकडा बोटांत मुरवण्यासाठी पुनःपुन्हा घोटताना ते समोर पुस्तक ठेवून वाचत असत. रहस्यकथा त्यासाठी चालत, कविता मात्र लक्ष वेधून घेई, आणि वर्तमानपत्राचे पान पियानोच्या स्टँडला फार मोठे पडे.

पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

शताब्दीच्या निमित्ताने आपण त्यांच्यावर एक सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, आणि तो शक्यतो स्वतः पियानो वाजवणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घ्यावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक पियानोशिक्षिका, पुणे