मावशी, पावणेसहाला उघडणाऱ्या तुमच्या दारासाठी

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

भोसरी-चाकण पट्ट्यात एकटीने मूल वाढवणाऱ्या तरुण मुलींना पहिली पगारी नोकरी मिळवून द्यायचं काम आमचं. अर्ज आमच्याकडे, मुलाखतीची तयारी आमच्याकडे, मूल मात्र तुमच्या पाळणाघरात. नोकरी लागली की पेढे आमच्या टेबलावर येतात आणि तुमचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत इतर पाळणाघरांनी आहे तशी उचलावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी वेळेचं. पहिली पाळी सातची, म्हणजे कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावर. आठ-साडेआठ तासांची पाळी, त्यात जाणं-येणं धरलं की आई साडेदहा तास घराबाहेर. सरकारी पाळणा योजनेतलं पाळणाघर दिवसाला साडेसात तासांचं, अंगणवाडी त्याहून कमी. ही तीन तासांची फट शेजारीण, आजी, दहा वर्षांची भाची अशा ठिगळांनी भरली, की पंधरा दिवसांत कुठेतरी उसवतेच. 50 किंवा जास्त माणसं कामावर असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची, ही तरतूद 2017 साली कायद्यात आली. पण पहिली नोकरी बहुतेकींना छोट्या युनिटमध्ये लागते, तिथे वीस-पंचवीसच जणी असतात. तुम्ही पावणेसहाला कुलूप काढता, त्यावर त्यांची नोकरी उभी आहे.

दुसरं तुमचं ते दहा दिवसांचं. ‘कामावर जायच्या दिवशी मूल आणायचं नाही, दहा दिवस आधी आणायचं,’ हा तुमचा हट्ट आम्हाला सुरुवातीला अडचणीचा वाटायचा. आता आम्हीच तारीख मागे मोजतो. पहिले दोन दिवस आई शेजारी बसून, तासभर. मग आई तासभर बाहेर. मग दुपारची झोप तुमच्याकडे, कारण अनोळखी जागी झोपलेलं मूल जागं होऊन शांत राहिलं की निम्मं काम झालं. शेवटचे दोन दिवस पूर्ण पाळी, तीही खऱ्या वेळेला, पहाटेच्या अंधारात. कारण नऊला हसत येणारं मूल पावणेसहाला झोपेतून उचललं की वेगळंच वागतं. शिवाय नवीन मुलांमध्ये आल्यावर होणारं पहिलं सर्दी-तापाचं आजारपण बऱ्याचदा याच दिवसांत उरकतं. तेच कामाच्या पहिल्या आठवड्यात आलं असतं तर तीन खाडे, आणि कंत्राटावरच्या नव्या मुलीला तिसऱ्या खाड्यानंतर क्वचितच परत बोलावतात.

तुमच्या दारामागे टांगलेलं ते पुठ्ठ्याचं कार्ड आम्ही आता प्रत्येकीला दाखवतो. वर मुलाचं वजन, दर महिन्याला खोडून नवीन लिहिलेलं, कारण तापाच्या औषधाचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतात. खाली एक रकाना: ‘घरी शेवटचं औषध किती वाजता दिलं’. पाच वाजता आईने घाईत दिलेला डोस तुम्हाला माहीत नसेल तर सातला पुन्हा दिला जाईल, एवढं साधं आणि एवढं गंभीर ते आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या काढलेल्या दुधाच्या डबीवरही वेळ असते. बाहेर चार तास, आणि चैत्र-वैशाखात तुम्ही तेवढेही धरत नाही, सरळ फ्रिजमध्ये ठेवता. आणि फोन नंबर आईचा एकटीचा नाही. कामाच्या लाइनवर मोबाइल लॉकरमध्ये असतो, म्हणून गेटवरच्या सिक्युरिटीचा आणि लाइन लीडरचा नंबर आधी. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पैशाचं बोलायलाच हवं. तीन तारखेला कामाला लागलेल्या मुलीचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सातला. म्हणजे पस्तीस दिवस बसभाडं, डबा, बूट, सगळं पदरचं. या पस्तीस दिवसांतच नोकऱ्या सुटतात, कामाचा कंटाळा येऊन नव्हे. तुम्ही पहिल्या महिन्याची फी पगारानंतर, तीन हप्त्यांत घेता. वहीत लिहून, दोघींची सही घेऊन. त्यामुळे ती मदत वाटत नाही, व्यवहार वाटतो, आणि मुलीची मान ताठ राहते.

नाव घालताना तुम्ही विचारता ते तीन प्रश्न तर आम्ही जसेच्या तसे घेतलेत. आधारला मोबाइल नंबर कुणाचा? बहुतेकदा नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा असतो, आणि पीएफपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी तिकडे जातात. आधार केंद्रात स्वतः जाऊन ठसे दिले की नंबर बदलतो, जुन्या नंबराची गरज नसते. खातं कुठलं? केवायसी पूर्ण नसलेलं ‘छोटं खातं’ असेल तर वर्षाला एक लाखच जमा होऊ शकतात. बारा हजार पगार धरला तर नवव्या महिन्यात खातं अडकतं. कागदांवर नाव कुठलं? दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, इथेच अडतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून कुठलं नाव कायम ठेवायचं ते आधी ठरवायचं, मग रांगेत उभं राहायचं.

पहिली पगारचिठ्ठी घेऊन मुली तुमच्याकडेच येतात, आमच्याकडे नंतर. मूळ पगार 12,000 आणि एकूण 14,000 असेल तर पीएफचे मूळ पगारावर 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) एकूण पगारावर पाऊण टक्का म्हणजे 105, हातात 12,455. व्यवसाय कराचे 200 कापलेले दिसले तर तुम्ही बोट ठेवता, कारण महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला तो 1 एप्रिल 2023 पासून लागत नाही. ईएसआयच्या कार्डावर मुलाचं नाव चढलंय का, पीएफच्या नामनिर्देशनात मूल आणि ते अज्ञान (अठरा वर्षांखालचं) म्हणून पालक कोण, हेही तुम्हीच विचारता. बाल संगोपन योजनेचे महिना 2,250 बऱ्याच जणींना तुमच्यामुळे कळले.

एका गोष्टीचे आभार मानताना शब्द जपून वापरावे लागतात. मूल न्यायला दारात अचानक वडील किंवा काका उभे राहतात, तो प्रसंग. तुमच्या रजिस्टरमध्ये दोनच नावं, दोनच फोटो; तिसऱ्याला मूल मिळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, पण दारातल्या माणसाला कलम सांगून तो जात नाही. म्हणून कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत तुम्ही रजिस्टरला टाचून ठेवता आणि नसेल तर आईला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवता, तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो. आई पाळीवर असताना तिचे हात स्थिर चालतात ते या टाचणीमुळे.

सोमवारपासून दोघी नवीन येतायत. एकीचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, बाटली घेत नाही, वाटी-चमच्याने पितं. दुसरीचा मुलगा साडेतीन वर्षांचा, दार बंद केलं की घाबरतो. दोघींच्या कामाची तारीख आम्ही दहा दिवस पुढची घेतली आहे. कार्डं भरून पाठवतो, वजन सकाळीच करून घेतलंय.

तुमच्या,
नोकरी मार्गदर्शन टेबलावरच्या सगळ्याजणी