आराखड्याची प्रत पालकांच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की विशेष गरजा असलेल्या मुलांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे, म्हणजे त्या एका मुलाला वर्षभरात काय, कसे आणि कोण शिकवणार याचे लेखी नियोजन, तयार होतात. पालकांना सहीला बोलावतात, सही झाली की कागद फाइलीत जातो. त्यात काय लिहिले आहे हे आईवडिलांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा वर्गशिक्षकांनाही नसते. विशेष शिक्षक आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात, त्यांच्याकडेच ती फाइल. उरलेले दिवस मूल ज्यांच्या वर्गात बसते, त्यांना आराखडा माहीत नसेल तर तो करून उपयोग काय?

पहिली अडचण दारातच येते. ‘आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असे उत्तर मिळते. सवलती आणि शिष्यवृत्तीसाठी प्रमाणपत्र लागते हे खरे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 16 मुलाची अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) लवकरात लवकर ओळखून मदत करण्याची आणि त्याच्या गरजेप्रमाणे आधार देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकते. सरकारी शाळांबरोबर मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात येतात. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र तर वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळतच नाही. मग दुसरीतल्या मुलाने वर्षभर नुसते बसून राहायचे का? प्रमाणपत्राची धावपळ चालू राहू द्या, आराखडा आजच सुरू करा.

आराखडा वाचताना पालकांनी उद्दिष्टांच्या रकान्यावर बोट ठेवावे. ‘वाचन सुधारेल’, ‘गणितात प्रगती होईल’ असे लिहिले असेल तर सही करू नये. ही वाक्ये पाच मुलांच्या पाच कागदांवर सारखीच सापडतात. उद्दिष्ट असे हवे: ‘दिवाळीच्या सुट्टीआधी काना-मात्रा नसलेल्या तीन अक्षरी 20 शब्दांपैकी 16 शब्द मदतीशिवाय वाचेल; दर शुक्रवारी वर्गशिक्षिका 10 शब्द तपासून तारखेसह वहीत नोंदवतील.’ मूल आज कुठे आहे, तेही आकड्यांत लिहिलेले असावे. आज 20 पैकी 5 वाचते हे नोंदवले नसेल तर दिवाळीत 11 वाचले, ही प्रगती की अपयश, हे कुणालाच सांगता येणार नाही.

शिकवणार कोण, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, हेही विचारावे. तीस मिनिटे तीनदा मिळाली तरी फरक पडतो, महिन्यातून दोन तास एकदम घेऊन पडत नाही. मुलाला वर्गाबाहेर नेऊन शिकवणार असतील तर कोणत्या तासाला, हे नक्की विचारा. सोय म्हणून खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून घेतला जातो. ज्या तासाला ते मूल इतरांच्या बरोबरीने उभे राहते, नेमका तोच जातो. याला पालकांनी ठाम नकार द्यावा.

सोलापुरात भाषेचा प्रश्न वेगळा आहे. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे मूल मराठी शाळेत ‘भात’चे ‘बात’ आणि ‘खडू’चे ‘कडू’ लिहिते, कारण घरच्या बोलण्यात हे उच्चार पुसट असतात. कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या अडचणी आणखी निराळ्या. अशा मुलाला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. ते क्रमाने, सलग सांगत असेल आणि चुका ठरावीक अक्षरांपुरत्याच असतील, तर आधी मराठीचा सराव वाढवावा. पण काल येत असलेले अक्षर आज परके वाटते, ‘कमल’चे ‘कलम’ होते, फळ्यावरचे उतरवताना ओळ मध्येच सुटते आणि नेटाने मदत करूनही हे थांबत नाही, तेव्हा तपासणी लांबवू नये. घरची भाषा कोणती, हे तपासणीच्या अर्जात पालकांनी स्वतःहून लिहावे. विचारले जाईलच असे नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. सोबत वहीची दोन-तीन पाने, मागचे प्रगतिपुस्तक आणि असल्यास डॉक्टरांचा अहवाल जोडावा. तोंडी बोलणे शिक्षकांच्या बदलीबरोबर संपते. दाद मिळाली नाही तर ग्रामीण भागात केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी, शहरातील मनपा शाळांसाठी प्रशासनाधिकारी.   तिथेही समाधान झाले नाही तर, शाळा सरकारी असो वा खासगी, पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे जावे.

दहावीच्या सवलतींची तयारी नववीतच हवी. लहानपणी काढलेले अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी पुन्हा काढावे लागते. हे माहीत नसल्याने ऐन अर्ज भरताना जुना कागद निघतो आणि प्रस्ताव अडतो. जादा वेळ तासाला 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. पण ज्या मुलाने उत्तर तोंडी सांगून लिहवून घेण्याचा कधी सराव केला नाही, ते परीक्षेत अडखळते: कुठे थांबायचे, आकृती कशी सांगायची, कळत नाही. नववीच्या आराखड्यात हा सराव लिहून घ्यावा, घटक चाचणीपासूनच.

शिक्षकांवरचा भार आम्ही जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 आणि त्यापुढे 15 विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा आहेत. ती पदे भरलीच पाहिजेत. पण आराखड्याची झेरॉक्स पालकांना आणि वर्गशिक्षकांना देण्यासाठी नव्या पदाची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाने एवढे परिपत्रक काढावे: जुलैअखेर आराखडा, त्याची प्रत दोघांना, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी व जानेवारीत आढावा. बैठकीची वेळ पालकांना विचारून ठरवावी. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन पान-तंबाखू आणायच्या वेळेलाच बैठक ठेवली, तर त्या आईची दिवसाची मजुरी बुडते आणि रजिस्टरवर ‘पालक गैरहजर’ अशी नोंद होते.

– काही पालक व विशेष शिक्षक, सोलापूर