अठरा संघ, नऊ सामने

संपादक महोदय,

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठ संघांचे गट, फुगल्या, आणि सगळ्यात मोठा घोळ वेळापत्रकात झाला. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये 2024 पासून 18 संघ आहेत. प्रत्येकाला प्रतिस्पर्धी 17, कॉन्फरन्सचे सामने मात्र 9. म्हणजे जवळपास निम्म्या संघांशी त्या वर्षी गाठच पडत नाही आणि तक्त्यातल्या सारख्या विजयांची किंमत सारखी राहत नाही. 2024 मध्ये इंडियानाने नियमित हंगामात, कॉन्फरन्सबाहेरचे सामने धरून, 11 सामने जिंकले, पण ओरेगन आणि पेन स्टेट त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. जुनी वैरं जपायला काही जोड्या दरवर्षीसाठी बांधल्या आहेत: आयोवाच्या तीन, पेन स्टेटची एकही नाही!

एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने 2026 च्या हंगामापासून सुटसुटीत गणित मांडले आहे. 16 संघ, 9 सामने, 3 प्रतिस्पर्धी कायमचे. उरलेल्या 12 पैकी दरवर्षी 6, म्हणजे दोन वर्षांत सगळ्यांशी गाठ. एसीसी या तिसऱ्या कॉन्फरन्समध्ये फुटबॉलचे 17 संघ. प्रत्येकी 9 धरले तर 153, ही विषम संख्या, आणि सामन्याला तर दोन संघ लागतात. कुणाला तरी 8 वर थांबावेच लागते.

संघांनी कॉन्फरन्स बदलल्या की जुन्या लढतीही तुटतात. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम 2011 नंतर थेट 2024 मध्ये भिडले. ओक्लाहोमा-ओक्लाहोमा स्टेट लढत 2023 नंतर थांबली.

राहिला एसईसीला झुकते माप मिळते हा पक्षपाताचा आरोप. एसईसी आणि प्लेऑफ (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी), दोन्हींचे प्रक्षेपण हक्क ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे आहेत; प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीची क्रमवारीही तिथेच जाहीर होते. समिती वेगळी, हे मान्य. तरी 2023 मध्ये तेराही सामने जिंकलेले फ्लोरिडा स्टेट क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी म्हणून बाहेर आणि एक पराभव पत्करलेले एसईसीचे अलाबामा आत, हे पाहून चाहत्यांना शंका आली तर नवल कसले?

— एक वाचक, पुणे