सरसकट गाठी काढा, असं छापू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला इम्युनोथेरपीवरचा, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, चांगलं केलंत. पण ‘लसिका ग्रंथी ही कॅन्सर पसरण्याची वाट, त्या सरसकट काढलेल्याच बऱ्या’ हे वाक्य छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं.

माझ्या वहिनीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या सगळ्या गाठी, म्हणजे याच लसिका ग्रंथी, काढल्या. ती बरी झाली, डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण पुढे हात सुजला तो आजतागायत. बांगड्या सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. कणीक मळली की हात भरून येतो, ठाण्याच्या उकाड्यात दिवसभर घट्ट बाही चढवलेली. असं होऊ शकतं हे आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, म्हणजे तिथली ग्रंथी सुजते, ते उगाच नाही; ती जंतूंशी लढत असते. कॅन्सरचंही तेच. ट्यूमरचे अंश घेऊन डेंड्रिटिक पेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) जवळच्या ग्रंथीत जातात आणि तिथे कॅन्सरला मारणाऱ्या टी पेशी लढायला तयार होतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं या टी पेशींवरचा ब्रेक काढतात. पेशीच तयार नसतील तर ब्रेक कुणाचा काढणार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) काही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबचे तीन डोस ऑपरेशनआधी दिले, बाकीचे नंतर. दोन वर्षांनी त्यांच्यातले ७२ टक्के रोगाच्या नव्या झटक्याविना होते. सगळे डोस ऑपरेशननंतर घेतलेल्यांत ४९ टक्के. औषध तेच. औषध देताना ट्यूमर आणि ग्रंथी जागेवर होत्या, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

गाठी काढूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर जास्त रुग्ण वाचतात, हे आपल्या टाटा मेमोरियलनेच २०१५ मध्ये दाखवून दिलं: तीन वर्षांनी ८० टक्के हयात, गाठीत रोग दिसला तरच काढायच्या, असं ठरवलेल्यांत ६७.५ टक्के. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र आधी सेंटिनेल नोड (कॅन्सर सर्वांत आधी जिथे पोहोचू शकतो ती ग्रंथी) तपासून बाकीच्या अनेकदा वाचवता येतात. लेखात त्याची एक ओळही नाही.

आणि त्याच लेखाखाली ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्याची पाव पान जाहिरात! इम्युनोथेरपी म्हणजे हाच काढा, असं कुणी समजलं तर जबाबदार कोण?

कृपया त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापा. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं ऑपरेशन तोंडावर आलंय आणि तुमच्या लेखाचं कात्रण त्यांनी फाइलला लावून ठेवलंय.

एक वाचक, नौपाडा, ठाणे